परमिटावर सही

आमच्या भाऊजींनी जन्मात एकही काम सुरू केलेलं नाही. त्यांनी फक्त कामांची तयारी केली, आणि ती एवढी नेकीनं केली की पुढं ते काम झालं की नाही हे विचारायलाही माणसाला संकोच वाटावा. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. कोराडीच्या वीज केंद्रात ते इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक. वाफेचा दाब, पाण्याची पातळी, तेलाचं तापमान दाखवणारे शेकडो काटे खरं बोलतात की खोटं, हे तपासणं हा त्यांचा धंदा. वर्षानुवर्षं काट्यांवर संशय घेऊन घेऊन हा माणूस जगातल्या कुठल्याच गोष्टीला सरळ हात लावेनासा झाला होता. जेवायला बसताना ते आधी पाट डुगडुगतो का पाहत. खिळा ठोकायचा तर आधी भिंतीवर कान ठेवून बोटानं टकटक करत, मग पेन्सिलीनं फुली, मग फुलीचा वहीत नकाशा. खिळा पुढच्या पगाराला. एकदा ताईनं त्यांना कळमन्याला संत्र्यांची टोपली आणायला पाठवलं. त्यांनी पहिली फेरी नुसतं पाहायला मारली, दुसरी भाव विचारायला, तिसरी कोणत्या ओळीत ऊन कमी आणि माल ताजा ते ताडायला. चौथ्या फेरीला बाजार उठला होता. दुपारी ते रिकाम्या टोपलीसकट परतले, पण कळमन्याच्या बाजाराचा असा सुबक नकाशा घेऊन की तिथल्या अडत्यालाही तो जमला नसता. ताईनं नकाशा उलटसुलट पाहिला आणि म्हणाली, “बसा. आता याचाच रस काढून देतो तुमाले.”

अशा माणसाच्या हाती आमच्या वस्तीचं भवितव्य सापडलं, आणि त्याला जबाबदार मीच. मी पत्रकांवर वाढलेला माणूस. माझे वडील गिरणीतून आल्यावर पत्रकं घड्या करत आणि मी ती वाटत असे. अक्षरओळख झाली तीसुद्धा ‘बंधूंनो आणि भगिनींनो’ या शब्दांवर. पुढं विहारामागच्या खोलीत आमचं वाचनालय सुरू झालं, तेव्हा सायक्लोस्टाइलचं यंत्र माझ्याकडे आलं आणि मी ते रात्रंदिवस फिरवलं. ज्ञान मूठभरांच्या मालकीचं का, असं मी किमान वीस पत्रकांत विचारलं असेल. उत्तर कोणीच दिलं नाही. अठ्ठ्याऐंशी साली ते जरा वेगळ्या वाटेनं आलं. वस्तीतलाच एक जण इंजिनियर होऊन परदेशी गेला होता. त्यानं आपला वापरलेला कॉम्प्युटर वाचनालयाला पाठवला. सोबत पत्र होतं: तीन महिन्यांत वस्तीतल्या माणसांनी स्वतः लिहिलेला प्रोग्राम या मशीनवर चालवून दाखवावा, वाचनालयाच्या पुस्तकांची यादी तीवर करावी. धरमपेठेतले, म्हणजे गावातल्या सुखवस्तू भागातले, एक प्राध्यापक येऊन पाहतील. जमलं तर मशीन तुमची, नाही तर ती त्यांच्या कॉलेजात जाईल. पत्र वाचून माझ्या अंगात जुनं रक्त सळसळलं. नाही जमलं तर काय होणार हे मला पाठ होतं. ‘त्यांच्या हातून व्हायचं नाही’, हे कोणीतरी हळहळून म्हणणार होतं, आणि ती हळहळ मला शिवीपेक्षा जास्त लागते. कॉलेजात जाणाऱ्या वस्तीतल्या चार मुलींनी पुस्तकावरून प्रोग्राम शिकायचं अंगावर घेतलं. मशीन लावून तयार करून द्यायची एवढंच काम उरलं. ते मी भाऊजींना सांगितलं. एवढंच!

सुट्टीचा पहिला रविवार आला. भाऊजी शिफ्टच्या बसनं उतरले, खोलीत आले, पेटीकडे पाहिलं आणि ती न उघडता खिडकी पाहायला गेले. “इकडून राख येते,” म्हणाले. मी म्हटलं, “भाऊजी, राख कोराडीले असते, इथं नाही.” त्यावर त्यांनी चौकटीवरून बोट फिरवून ते माझ्या नाकासमोर धरलं. “हे काय हाये मंग? आमचीच हाये. मी ओळखतो तिले.” दोन रविवार खिडकीच्या फटी बुजवण्यात गेले. तिसरा टेबलाचे पाय सारखे करण्यात. मार्च सरत होता, खोली भट्टीसारखी तापत होती. मुलींनी वर्गणीतून आणलेला कूलर भाऊजींनी दारातूनच परत पाठवला, कारण त्याची ओली हवा मशीनला बाधेल. मशीन अजून पेटीत कोरडी होती आणि आम्ही बाहेर घामानं निथळत होतो. मुली बिचाऱ्या जमिनीवर बसून वहीतच प्रोग्राम लिहीत, वहीतच चालवत आणि वहीतच चुका काढत. मी चिडलो की भाऊजी शांतपणे म्हणत, “जागा तयार नसली तं काम रडते गा. काम केल्यावर रडण्यापेक्षा आधी आपन रडावं.”

मशीन पेटीतून निघाली त्या दिवशी त्यांनी परमिट आणलं. वीज केंद्रात कुठल्याही यंत्राला हात लावायचा तर आधी चिठ्ठी भरावी लागते: कोण, कोणतं काम, किती वेळ. जबाबदार माणूस तीवर सही करतो. मग स्विचवर लाल कार्ड लटकतं, ‘काम चालू आहे, हात लावू नये’, आणि ते ज्यानं लावलं त्यानंच काढायचं. स्वतःच्या चिठ्ठीवर स्वतः सही करायची नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा नियम. हे सगळं राज्य भाऊजींनी आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत जसंच्या तसं उभं केलं. चिठ्ठ्यांचं पुस्तक माझ्याच सायक्लोस्टाइलवर छापून घेतलं. सही करणारे तेच. मुलींनी ‘कळफलक पाहणे, पाच मिनिटे’ अशा चिठ्ठ्या भरल्या आणि भाऊजींनी त्या गंभीरपणे मंजूर केल्या. त्याच दिवशी त्यांनी एक चिठ्ठी माझ्यासमोरही सरकवली. “तेवढी सही कर गा यावर.” मी पत्रकाचा मजकूर जुळवत होतो, थकलो होतो, आणि कचेरीचा वास येणाऱ्या कुठल्याही कागदावर सही करायची नाही हे माझं तत्त्व होतं. वर न पाहताच मी म्हणालो, “भाऊजी, तुमच्या या कागदाच्या राज्यात मले ओढू नका. लोकं कागदाखाली दबूनच मेले.” ते “बरं” म्हणाले आणि चिठ्ठी खिशात घातली. माझं तत्त्व वाचलं याचं मला तेव्हा समाधान वाटलं होतं.

एप्रिलच्या पहिल्या तारखेला मशीन एकदाची सुरू झाली. ती उठली की आधी तारीख विचारायची, कारण बंद केली की सगळं विसरायची. भाऊजी मनगटावरच्या घड्याळात पाहून तारीख आणि वेळ टाकत, मिनिटाचा फरक चालत नसे. बारा दिवस सगळं सुरळीत गेलं. त्या पंधरवड्यात त्यांची दुपारपाळी होती, त्यामुळे रोज सकाळी ते येऊन जात. तेरा तारखेला मशीननं तारीख नाकारली. पुन्हा टाकली, पुन्हा नाकारली. तारीख न टाकता नुसतं बटण दाबलं तर मशीन पुढं जाते, असं मुलींपैकी एकीनं पुस्तकात दाखवलं. भाऊजींनी तिच्याकडे असं पाहिलं जणू तिनं बॉयलरचा काटा चिकटपट्टीनं धरून ठेवायला सांगितलं. “खोटी तारीख? मी बसून राहीन, पन खोटी टाकनार नाही.” आणि खरंच बसून राहिले. मशीन उघडली, आतून फुंकली, मिटवली. चौदाला तेच. पंधराला तेच. अखेर त्याच मुलीच्या लक्षात आलं की ही मशीन परदेशातली, तिला महिना आधी आणि दिवस नंतर सांगावा लागतो. बारापर्यंत तिनं आमचे दिवस महिने समजून गिळले होते. तेरावा महिना तिला कुठून सापडणार? भाऊजींना हे पटायला एक अख्खा चहा लागला. “महिना आधी काहून?” ते हताशपणे म्हणाले. “मानूस पह्यले दिवस काढते गा. महिना मंग निंघते.”

आणि फ्लॉप्या! पातळ काळ्या चौकोनी पाकिटात गोल तबकडी, तिला बोट लागलं तरी धोका, असं पुस्तकात लिहिलेलं. त्यांतल्या एकीवर मशीनला उठवणारी सामग्री, दुसरीवर भाषा, जिच्यात मुलींना प्रोग्राम लिहायचा होता. भाषेची ती फ्लॉपी एकुलती एक. एका रविवारी मी आत शिरलो तर भाऊजी तिच्या कोपऱ्याला दाभणानं भोक पाडत होते. दहा आठवडे गेले, आता भाषाही गेली! वीज केंद्रात प्रत्येक झडपेला नंबराचा पत्रा तारेनं बांधलेला असतो. बिननंबरी वस्तूला भाऊजी वस्तूच मानत नसत. मी ओरडलो तसे ते फ्लॉपी उजेडात धरून म्हणाले, “बोंबलतं काहून? तबकडी गोल, पाकीट चौकोनी. कोपरा रिकामा नाही राहनार तं काय?” खरोखरच कोपरा रिकामा होता. फ्लॉपी चालली. फक्त त्या दिवसापासून मशीनच्या तोंडातून दोरा आणि दोऱ्याला पुठ्ठ्याचा नंबर लोंबू लागला. पतंग गिळून मांजा बाहेर राहावा तसा. त्यानंतर त्यांनी त्या फ्लॉपीच्या आणखी दोन प्रती केल्या, त्यांनाही भोकं पाडली, आणि रजिस्टर लिहायला घेतलं.

रजिस्टर जाड होतं, लाल कापडी पाठीचं. खोलीचं कुलूप उघडण्यापासून ते भाषा पडद्यावर येईपर्यंत काय काय करायचं, याच्या त्यात पायऱ्या. ‘पायरी ९: स्टॅबिलायझरचा काटा दोनशेवीसच्या आसपास येईपर्यंत थांबावे. घाई करू नये, काट्याला आपली घाई कळत नाही.’ ‘पायरी २३: मशीनला महिना आधी सांगावा.’ मी एकदा विचारलं, “हे कोणासाठी लिहून राहिले? मशीन तं तुमीच सुरू करता.” ते लिहिता लिहिता म्हणाले, “मी कोराडीले लागलो तवा कोळसा ओढत होतो. मंग मिस्त्र्यांच्या हाताखाली आलो. कोनी मिस्त्री सांगत नव्हता गा. नट पिळताना पाठ करून बसे आमच्याकडे, दिसू नाही म्हनून. सात वर्षं मी पाठी पाह्यल्या.” मी विचारलं, “मंग तुमी काहून नाही शिकत हे? एखादा प्रोग्राम लिहा ना.” ते हसले. “मले परमिट कोन देईल?” हा नेहमीचा टाळाटाळीचा धंदा, असं समजून मी उठलो.

आमचं वाजलं ते लाल कार्डावरून. मे उजाडला होता. भाऊजी कार्ड लावून शिफ्टवर गेले आणि तिकडं काहीतरी बिघडल्यानं चार दिवस आलेच नाहीत. मुली रोज येत, कार्डाकडे पाहत आणि वही उघडत. मुदत दोन आठवड्यांवर आली होती. पाचव्या दिवशी मी कार्ड ओढून काढलं, फाडलं आणि मुलींना म्हटलं, बसा. त्या बसल्या नाहीत. संध्याकाळी भाऊजी आले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी तुकडे उचलले, मागून डकवले. “माझ्या सोबतीच्यानं असाच दुसऱ्याचा कार्ड काढला होता,” एवढंच म्हणाले. “आत मानूस होता.” मी सांगू पाहत होतो की इथं आत कोणी नाही, हा फक्त एक कॉम्प्युटर आहे. पण ते डिंक वाळवत होते, आणि मला एकदम फार थकवा आला. त्या दोन आठवड्यांत मात्र त्यांनी कोराडीहून येण्याचा एकही दिवस चुकवला नाही. मुलींचा वहीतला प्रोग्राम मशीनमध्ये गेला, आणि बहुतेक बरोबरच निघाला. दोन महिने कागदावर घोटल्यावर चुकांना जागाच उरली नव्हती. हे मी त्या वेळी कबूल केलं नाही.

ठरलेल्या रविवारी सकाळीच वीज गेली. नुसती वस्तीची नाही, सगळ्या गावाची. अकराला प्राध्यापक आले, पांढराशुभ्र सदरा, सौजन्य इतकं की मला घाम फुटला. साडेअकराला ताई एकटीच बसनं आली; काखेत लाल पाठीचं रजिस्टर.

“भाऊजी?”

“पहाटेच जीप आली न्याले. मशीन बसली म्हनते तिकडली. जेवलेबी नाही.”

मी स्विचकडे पाहिलं. डकवलेलं कार्ड तिथं लटकत होतं. मशीन त्यांनी आमच्यापैकी कोणालाच कधी सुरू करू दिली नव्हती. ताईनं पदराआडून एक चिठ्ठी काढली. भाऊजींचं अक्षर: ‘कार्ड हस्तांतर. आजच्या दिवसापुरते. कार्ड काढण्याचा अधिकार माझ्या पत्नीकडे.’ खाली सही. ताई सातवी शिकलेली, कॉलनीत शिवणकाम करायची, आणि त्या मशीनला तिनं आजवर पदरही लागू दिला नव्हता. “माह्या नावानं काहून नाही लिहिलं?” मी दबक्या आवाजात विचारलं.

“तू एक डाव काढला म्हनते कार्ड. मंग कसं लिहितीन तुह्या नावानं?” ताई म्हणाली, आणि ऐटीत खुर्चीवर बसली.

प्राध्यापकांनी घड्याळ पाहिलं. बाराला त्यांनी उठायची भाषा केली. मग खोलीतला दिवा लुकलुकला, मेला, पुन्हा लुकलुकला आणि टिकला. ताईनं दिव्याकडे मान वर करून पाहिलं. “लागले वाटते कामाले,” ती म्हणाली, जणू यजमान शेजारच्याच खोलीत होते. उठून तिनं कार्ड काढलं, घडी न पाडता रजिस्टरात ठेवलं आणि पहिल्या पायरीवर बोट ठेवलं. ती ओठांत वाचत होती, बोट सरकत होतं. नवव्या पायरीला काटा एकशेसत्तरवर अडला, तर ताई हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पाच मिनिटं, सात मिनिटं. प्राध्यापक अखेर मायेनं पुढं झाले. “ताई, द्या, मी करून देतो. माझं रोजचंच आहे.”

“थांबा साहेब,” ताई मान न वळवता म्हणाली. “तुमच्या नावचं परमिट नाही.”

ते खरंच थांबले. काटा चढला, पहिली फ्लॉपी गेली. तेविसाव्या पायरीला तिनं महिना आधी टाकला आणि “उलटंच हाये बाप्पा हे” म्हणत दिवस नंतर. मग दोरा लोंबणारी भाषेची फ्लॉपी गेली. चौसष्टाव्या पायरीला पडद्यावर भाषा आली. रजिस्टरात पुढं एकच ओळ होती: ‘मशीन तयार आहे. आता ज्याचे काम त्याने बसावे.’ ताई उठली आणि चार मुलींपैकी थोरलीला म्हणाली, “बस वं.” दहा मिनिटांनी वाचनालयाची पुस्तकं एकामागून एक पडद्यावर चढत होती. प्राध्यापकांनी यादीकडे एकदा पाहिलं, पण रजिस्टर मात्र उभ्या उभ्या पहिल्यापासून वाचून काढलं आणि विचारलं, “ही नक्कल मला मिळेल का? आमच्याकडे पाच मशिनी आहेत. हे असं काही नाही.” ज्ञानावरच्या माझ्या वीस पत्रकांची नक्कल आजवर कोणी मागितलेली नाही. मशीन आमच्याकडे राहिली.

पुढच्याच पावसाळ्यात भाऊजींची बदली दूरच्या एका वीज केंद्रात झाली. ताईही गेली. जाताना त्यांनी रजिस्टर, चिठ्ठ्यांचं पुस्तक आणि डकवलेलं कार्ड माझ्या हाती दिलं आणि पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलं की यापुढं सही करण्याचा अधिकार याचा. मुली बऱ्याच पुढं गेल्या आहेत. आता दर रविवारी दुसऱ्या दहा जणी येतात आणि मी कुरकुरत, काटा पाहत, त्यांच्या चिठ्ठ्यांवर सह्या करतो. पत्रकं हल्ली कमी लिहितो. वीट आलाय असं नाही, पण लिहायला बसण्याआधी टेबल पुसून घ्यावंसं वाटू लागलंय.

गेल्या महिन्यात रजिस्टराची पाठ सुटली म्हणून मी ते शिवायला घेतलं, तेव्हा पुठ्ठ्याच्या आतून एक चिठ्ठी पडली. चिठ्ठ्यांच्या पुस्तकातली पहिली, नंबर एक. मशीन पेटीतून निघाली त्या दिवसाची. नाव भाऊजींचं. काम: ‘स्वतः एक प्रोग्राम लिहून पाहणे.’ वेळ: ‘अर्धा तास.’ सहीची जागा कोरी. माझ्यासमोर सरकवलेली तीच. मला वाटत होतं त्यांना तयारीतून बाहेरच पडायचं नाही, आणि तो माणूस अख्खे दोन महिने, आणि नंतरही, त्या खुर्चीशेजारी उभा होता, कारण स्वतःच्या चिठ्ठीवर स्वतः सही करायची नसते आणि ज्याच्याकडे मागितली त्यानं वर पाहिलं नव्हतं.

मी सही केली. तारीख घातली, आधी दिवस, मग महिना. खाली लिहिलं की कार्ड काढून ठेवलं आहे, खुर्ची रिकामी आहे, कुठल्याही रविवारी या, आणि चिठ्ठी पाकिटात घालून त्यांच्या नव्या पत्त्यावर टाकली. तीन आठवडे झाले, अजून उत्तर नाही. त्याची काळजी वाटत नाही. मी त्यांना ओळखतो. ते निघण्याची तयारी करत असतील.